मास स्पेक्ट्रमवरून पेप्टाइडचा क्रम काढताना: पायऱ्या, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

स्पेक्ट्रम (पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, तिच्या तुकड्यांच्या वस्तुमानांचा आलेख) उघडला, दोन उंच शिखरांमधला फरक ११३.०८ दिसला, वहीत 'ल्युसिन' लिहून टाकलं. क्रम चुकायला सुरुवात होते ती इथे. प्रिकर्सरचा, म्हणजे फोडण्याआधीच्या अख्ख्या पेप्टाइड-आयनाचा, चार्ज अजून ठरलेला नसतो, आपण साखळी पुढून वाचतोय की मागून हे माहीत नसतं, आणि पहिलं अक्षर, म्हणजे अमिनो आम्ल, लिहिल्यावर पुढची अक्षरं त्याला जुळवून घेण्याची सवय मनाला लागते. म्हणून या लेखात अक्षरं वाचायची पायरी बरीच उशिरा येते. कंटाळा आला तरी क्रम बदलू नका.

एक खुलासा. प्रयोगशाळेत सगळे 'पीक' म्हणतात, पण 'पिकं' लिहिलं की शेतीचा लेख वाटतो, म्हणून इथे 'शिखर' म्हटलं आहे.

सगळीकडे एकच उदाहरण घेऊ: ट्रिप्सिन या एन्झाइमने तोडलेलं, एचसीडी पद्धतीने (वायूच्या रेणूंवर आदळून) फोडलेलं पेप्टाइड, प्रिकर्सर ६१३.३०८६. हे आकडे एम/झेडचे, म्हणजे वस्तुमान भागिले चार्ज. उदाहरणातले आकडे गणिताने काढलेले आहेत. प्रत्यक्ष यंत्रावर शेवटचे दशांश हलतील. स्पेक्ट्रममधली ठळक शिखरं अशी:

१२०.०८०८, १३६.०७५७, १४७.११२८, १५९.११२८, १८७.१०७७, २११.१४४१, ३१०.१७६१, ३३४.१७६१, ३८९.२१०७, ४३९.२१८७, ४४९.२०३१, ५६७.२७७३, ६८०.३६१४, ७७७.४१४१ (सर्वांत उंच), ८९२.४४११, १०३९.५०९५, आणि गोंगाटाच्या थोडं वर डोकं काढणारं ११२६.५४१५.

## १. स्पेक्ट्रम उघडण्याआधी

आधी डेटाबेस सर्च करून घ्या, म्हणजे स्पेक्ट्रम माहीत असलेल्या प्रोटीनक्रमांशी जुळवून बघा. ज्या जीवाचा प्रोटीनसंच उपलब्ध आहे त्याच्या नमुन्यातला प्रत्येक स्पेक्ट्रम हाताने वाचण्यात अर्थ नाही. सर्चमध्ये केराटिन आणि ट्रिप्सिनचे स्वतःचे तुकडे असलेली दूषकांची यादी जोडा. माणसाच्या त्वचेतल्या केराटिनला 'नवीन पेप्टाइड' समजून आठवडा घालवलेले लोक मी पाहिले आहेत. सर्चनंतरही उरलेला, पण चांगला दिसणारा स्पेक्ट्रम हाच आपला माल.

मग कागदावर या गोष्टी लिहा:

- कोणतं एन्झाइम वापरलं? ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिननंतर तोडतं, पण त्यापुढे प्रोलिन असेल तर सहसा तोडत नाही. ॲस्प-एन ॲस्पार्टिक आम्लाच्या आधी तोडतं. शेवटचं किंवा पहिलं अक्षर काय असू शकेल हे यावरून ठरतं.
- सिस्टिन कशाने बंद केलं? आयोडोॲसिटमाइड वापरलं असेल तर सिस्टिनचा आकडा १०३.००९२ राहत नाही, १६०.०३०६ होतो.
- फोडण्याची पद्धत कोणती? सीआयडी आणि एचसीडीमध्ये (दोन्हींत आदळून फोडतात) बी आणि वाय आयन मिळतात, ईटीडीमध्ये (इलेक्ट्रॉन देऊन फोडताना) सी आणि झेड. बी आणि सी हे साखळीच्या पहिल्या टोकाकडचे तुकडे, वाय आणि झेड शेवटच्या टोकाकडचे; नावापुढचा आकडा म्हणजे तुकड्यातल्या अमिनो आम्लांची संख्या.
- तुकड्यांचं मोजमाप किती अचूक आहे? ऑर्बिट्रॅप किंवा टाइम-ऑफ-फ्लाइट यंत्र असेल तर १० ते २० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) चूक धरून चालता येतं. आयन ट्रॅप यंत्रावर ०.५ डाल्टनपर्यंत (डाल्टन हे वस्तुमानाचं एकक) चूक असू शकते, आणि मग खालच्या निम्म्या तपासण्या करताच येत नाहीत.
- निवडीची खिडकी, म्हणजे फोडण्यासाठी प्रिकर्सर उचलताना घेतलेला एम/झेडचा पट्टा, किती रुंद होती? शेजारचं दुसरं पेप्टाइड आत शिरलंय का, हा संशय इथूनच सुरू होतो.

सावधान: आयन ट्रॅपमधल्या सीआयडीत प्रिकर्सरच्या एम/झेडच्या साधारण पाव ते एक तृतीयांशाखालचा भाग दिसतच नाही. आपल्या उदाहरणात १४७.११२८ चं शिखर तिथे नसतं. ते नाही म्हणजे शेवटी लायसिन नाही, असा निष्कर्ष काढू नका.

## २. आकड्यांचा तक्ता: चार दशांशांपर्यंतच

हे अमिनो आम्लाच्या अवशेषाचं, म्हणजे पाण्याचा रेणू वजा करून उरलेलं, मोनोआयसोटोपिक (प्रत्येक मूलद्रव्याचं सर्वाधिक आढळणारं आयसोटोप धरून काढलेलं) वस्तुमान आहे:

ग्लायसिन ५७.०२१५, ॲलानिन ७१.०३७१, सेरिन ८७.०३२०, प्रोलिन ९७.०५२८, व्हॅलिन ९९.०६८४, थ्रिओनिन १०१.०४७७, सिस्टिन १०३.००९२, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ११३.०८४१, ॲस्पॅराजिन ११४.०४२९, ॲस्पार्टिक आम्ल ११५.०२६९, ग्लुटामिन १२८.०५८६, लायसिन १२८.०९५०, ग्लुटामिक आम्ल १२९.०४२६, मेथिओनिन १३१.०४०५, हिस्टिडिन १३७.०५८९, फेनिलॲलानिन १४७.०६८४, आर्जिनिन १५६.१०११, टायरोसिन १६३.०६३३, ट्रिप्टोफॅन १८६.०७९३.

सोबत चार आकडे पाठ हवेत: प्रोटॉन १.००७३, पाणी १८.०१०६, अमोनिया १७.०२६५, कार्बन मोनॉक्साइड २७.९९४९.

सरासरी वस्तुमानांचा तक्ता चुकूनही घेऊ नका. इंटरनेटवर दोन्ही तक्ते शेजारीशेजारी असतात आणि सरासरीवाला बऱ्याचदा आधी सापडतो. 'सगळेच आकडे थोडेथोडे जास्त येतायत' अशी तक्रार ऐकली की मी आधी तक्ता मागतो.

## ३. प्रिकर्सर पक्का करा

एमएस१ (फोडण्याआधीच्या) स्पेक्ट्रममध्ये जा आणि आयसोटोपची शिडी बघा. पायऱ्यांमधलं अंतर म्हणजे १.००३४ भागिले चार्ज. आपल्याकडे ६१३.३०८६, ६१३.८१०३ आणि ६१४.३११९ अशी शिखरं आहेत. अंतर अर्ध्या डाल्टनचं, म्हणजे चार्ज २. अंतर ०.३३ असतं तर ३.

चार्ज कळला की तटस्थ वस्तुमान काढा: ६१३.३०८६ गुणिले २, वजा दोन प्रोटॉन, म्हणजे १२२४.६०२६. हा आकडा वहीच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीत लिहा. पुढे तो सारखा लागणार आहे.

यंत्राने निवडलेलं शिखर शिडीची पहिलीच पायरी आहे का, हेही बघा. मोठ्या पेप्टाइडमध्ये दुसरी पायरी पहिलीपेक्षा उंच असते आणि यंत्र कधीकधी तीच उचलतं. मग एकूण वस्तुमान १.००३४ ने वाढतं आणि सॉफ्टवेअर त्याला 'डीॲमिडेशन' (ॲमाइड गटाचं आम्लात रूपांतर) म्हणून मोकळं होतं. खऱ्या डीॲमिडेशनची वाढ ०.९८४० असते. दोन्हींत ०.०१९ चा फरक आहे, आणि चांगल्या यंत्रावर तो स्पष्ट दिसतो.

तपासणी: शिडीच्या पहिल्या पायरीच्या डावीकडे, चार्जनुसार योग्य अंतरावर आणखी एखादं बुटकं शिखर आहे का? असेल तर मोजणी तिथून सुरू करा.

## ४. शिखरांची वर्गवारी

अजूनही अक्षरं वाचायची नाहीत. आधी प्रत्येक शिखर कोण असू शकेल ते ठरवा.

तुकड्यांचे आयसोटोप काढून टाका. निवडीची खिडकी अरुंद असेल आणि प्रिकर्सरचं फक्त पहिलं आयसोटोपच आत आलं असेल, तर तुकड्यांनाही शिडी नसते. अशा वेळी तुकड्याचा चार्ज शिडीवरून कळत नाही, तो बेरजेने काढावा लागतो. उदाहरणातलं ३८९.२१०७ बघा. त्याचा शेजारच्या कुठल्याच शिखराशी अमिनो आम्लाचा फरक जुळत नाही. दुप्पट करून एक प्रोटॉन वजा केला की ७७७.४१४१ मिळतं, म्हणजे सर्वांत उंच शिखराचाच दोन चार्जवाला अवतार. ते यादीतून खोडा.

आता जोड्या लावा. दोन चार्जचा प्रिकर्सर एकेका चार्जच्या दोन तुकड्यांत फुटला, तर बी आणि वाय यांची बेरीज नेहमी तटस्थ वस्तुमान अधिक दोन प्रोटॉन येते. आपल्याकडे ती १२२६.६१७२ आहे. प्रत्येक शिखर या आकड्यातून वजा करून बघा:

- १०३९.५०९५ ची जोडी १८७.१०७७, यादीत आहे.
- ८९२.४४११ ची जोडी ३३४.१७६१, आहे.
- ७७७.४१४१ ची जोडी ४४९.२०३१, आहे.
- ६८०.३६१४ ची जोडी ५४६.२५५८, नाही. हे लक्षात ठेवा; असं का, ते पुढे कळेल.

जोडी सापडली म्हणजे ती दोन्ही शिखरं खऱ्या तुटीची (बंध तुटण्याची) आहेत, हे जवळपास नक्की. त्यातलं बी कोणतं आणि वाय कोणतं, ते पुढच्या पायरीत.

खालच्या टोकाला इमोनियम आयन, म्हणजे एकेकट्या अमिनो आम्लाचे छोटे तुकडे, दिसतात. अवशेषाच्या वस्तुमानातून २६.९८७६ वजा केले की त्यांचा आकडा मिळतो. १२०.०८०८ हा फेनिलॲलानिनचा, १३६.०७५७ टायरोसिनचा. म्हणजे हे दोघे पेप्टाइडमध्ये आहेत. कुठे, ते माहीत नाही. ८६.०९६४ दिसलं तर ल्युसिन किंवा आयसोल्युसिन, ११०.०७१३ दिसलं तर हिस्टिडिन. इमोनियम नाही म्हणून अमिनो आम्ल नाही, असं मात्र म्हणता येत नाही. सेरिन, ॲलानिन, ग्लायसिनचे इमोनियम इतके हलके असतात की बहुतेक वेळा स्कॅनच्या सीमेखालीच राहतात.

## ५. दोन्ही टोकं धरा

ट्रिप्सिनचं काम असेल तर शेवटून सुरुवात करा. वाय१ आयन लायसिनसाठी १४७.११२८ आणि आर्जिनिनसाठी १७५.११९० येतो. आपल्याकडे १४७.११२८ आहे, म्हणून शेवटी लायसिन.

पहिल्या टोकाला बी१ सहसा मिळत नाही. बी आयन तयार होताना जी कडी बनते तिला आधीच्या बंधाचा कार्बोनिल लागतो, आणि पहिल्या अमिनो आम्लाच्या आधी तसा बंधच नसतो. टोकावर ॲसिटिल गट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून एचसीडीमध्ये शोधायचं ते बी२, आणि त्याची खूण म्हणजे २७.९९४९ च्या अंतरावरची जोडी: बी२ आणि कार्बन मोनॉक्साइड गमावलेला ए२. आपल्याकडे १८७.१०७७ आणि १५९.११२८ यांत नेमका तेवढाच फरक आहे. म्हणजे १८७.१०७७ हा बी२, आणि त्याची जोडी १०३९.५०९५ ही वाय मालिकेतली. आता कोणती बाजू कोणती हा प्रश्न मिटला.

सावधान: वायला बी समजून वाचलं तर सगळा क्रम उलटा निघतो, आणि तो बघायला अगदी व्यवस्थित असतो. बचाव सोपा आहे. बी मालिका १.००७३ पासून सुरू होते, वाय मालिका १९.०१७८ पासून. आपण सुरुवात ज्या आकड्यापासून केली तिथून पहिल्या शिखरापर्यंतचा फरक अमिनो आम्लांच्या बेरजेत बसला नाही आणि चूक बरोबर १८.०१ ची निघाली, तर मालिका उलटी धरली आहे.

## ६. आता अक्षरं: मधली साखळी

वाय मालिका खालून वर चढत जा.

१४७.११२८ ते ३१०.१७६१: फरक १६३.०६३३, टायरोसिन. इमोनियमची साक्ष आधीच आहे.

३१०.१७६१ ते ४३९.२१८७: १२९.०४२६, ग्लुटामिक आम्ल.

४३९.२१८७ ते ५६७.२७७३: १२८.०५८६. इथे थांबा. ग्लुटामिन आणि लायसिन यांच्यात फक्त ०.०३६४ चा फरक आहे. ५६७ च्या आसपास २० पीपीएम म्हणजे ०.०११, त्यामुळे चांगल्या यंत्रावर हा निर्णय देता येतो: ग्लुटामिन. आयन ट्रॅपवर देता येत नाही. पण ग्लायसिन आणि ॲलानिन यांची बेरीजही १२८.०५८६ च येते, अणुसूत्रच तेच, आणि कितीही महाग यंत्र ते वेगळं करू शकत नाही. मग ४९६.२४०२ किंवा ५१०.२५५८ इथे मधलं एखादं शिखर आहे का ते गोंगाटाच्या पातळीपर्यंत खाली जाऊन बघायचं. नाही दिसलं तर ग्लुटामिन लिहा, शेजारी प्रश्नचिन्ह ठेवून.

५६७.२७७३ ते ६८०.३६१४: ११३.०८४१. ल्युसिन किंवा आयसोल्युसिन. यापुढे एचसीडी काहीच सांगत नाही.

६८०.३६१४ ते ७७७.४१४१: ९७.०५२८, प्रोलिन. आणि म्हणूनच ७७७.४१४१ इतकं उंच आहे. प्रोलिनच्या आधीचा बंध सहज तुटतो, त्यातून त्याच्या आधी ॲस्पार्टिक असेल तर आणखी सहज. प्रोलिननंतरचा बंध उलट फार कमी तुटतो. ५४६.२५५८ ची जोडी का नव्हती, त्याचं उत्तर हे. एखाद्या वाचनात प्रोलिन आलाय पण त्याच्या आधीच्या तुटीचं शिखर बुटकं आहे, तर त्या वाचनाकडे संशयाने बघा.

७७७.४१४१ ते ८९२.४४११: ११५.०२६९, ॲस्पार्टिक आम्ल. अंदाज बरोबर निघाला.

८९२.४४११ ते १०३९.५०९५: १४७.०६८४. फेनिलॲलानिन, की ऑक्सिडाइज्ड मेथिओनिन, ज्याचा आकडा १४७.०३५४ आहे? फरक ०.०३३० चा. १०३९ जवळ २० पीपीएम म्हणजेच ०.०२१, आणि दोन्ही शिखरांच्या चुका एकत्र आल्या तर निर्णय ताणला जातो. हाच फरक बी बाजूने मोजा: ३३४.१७६१ वजा १८७.१०७७, तोच १४७.०६८४, पण इथे २० पीपीएम म्हणजे जेमतेम ०.००७. फेनिलॲलानिन पक्का. पीपीएम ही टक्केवारीसारखी चीज आहे; हलक्या तुकड्यात तिची खरी चूक लहान होते. वादातली जागा शक्य तितक्या हलक्या शिखरांवरून सोडवा. ऑक्सिडाइज्ड मेथिओनिनची आणखी एक खूण असते, ६३.९९८३ कमी असलेलं सोबती शिखर. तेही इथे नाही.

तपासणी: २११.१४४१ अजून बेवारस आहे. ३१०.१७६१ मधून वजा केलं तर ९९.०३२० येतं, आणि दोनच दशांश बघणारा माणूस तिथे व्हॅलिन घालून बसतो. व्हॅलिन ९९.०६८४ आहे, ३१० जवळ एवढी चूक चालत नाही. हे शिखर प्रोलिन अधिक ल्युसिन अधिक एक प्रोटॉन आहे, म्हणजे साखळीच्या मधून दोन्ही बाजूंनी तुटलेला अंतर्गत तुकडा. प्रोलिन असलेल्या पेप्टाइडमध्ये असे तुकडे येतातच. १८३.१४९२ ला त्याचा कार्बन मोनॉक्साइड गमावलेला भाऊ दिसला तर खात्री होते.

## ७. सर्वांत फसवी जागा: पहिली दोन अक्षरं

उरलं ते बी२, १८७.१०७७. एक प्रोटॉन वजा केला की १८६.१००४.

तक्ता उघडला की डोळा ट्रिप्टोफॅनवर जातो: १८६.०७९३. त्यात १५९.११ चं शिखरही आहे, आणि ट्रिप्टोफॅनचा इमोनियम १५९.०९१७ ला येतो. दोन साक्षीदार मिळाले असं वाटतं. ते दोन नाहीत. ए२ आणि बी२ एकाच रचनेतून आलेत, त्यामुळे एक चुकीचा असेल तर दुसराही त्याच प्रमाणात चुकीचा असणार. दोन्ही ठिकाणी तफावत ०.०२११ च आहे, बघा.

बेरजेने जवळ येणारे पर्याय लिहून काढा:

- ट्रिप्टोफॅन एकटं: १८६.०७९३
- ॲलानिन आणि ॲस्पार्टिक, किंवा ग्लायसिन आणि ग्लुटामिक: दोन्ही १८६.०६४१
- सेरिन आणि व्हॅलिन: १८६.१००४

१८७ जवळ २० पीपीएम म्हणजे ०.००४ हून कमी. फक्त शेवटचा पर्याय टिकतो. शिवाय १८७ चं शिखर ट्रिप्टोफॅनचं असतं तर ते बी१ ठरलं असतं, आणि बी१ सहसा मिळत नाही हे वर आलंच आहे.

कमी रिझोल्यूशनच्या डेटावर मी एकदा हाच घोळ घातला होता. १५९.१ दिसलं, ट्रिप्टोफॅन लिहिलं, त्या क्रमाचं सिंथेटिक पेप्टाइडही मागवलं. ते क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून मूळ पेप्टाइडपेक्षा कितीतरी उशिरा बाहेर आलं तेव्हा वही पुन्हा उघडली. पैसे गेले ते गेलेच.

आता सेरिन आधी की व्हॅलिन? बी२ हे सांगू शकत नाही, बेरीज दोन्हीकडे तीच. वाय९ लागेल. पहिला व्हॅलिन असेल तर वाय९ ११२६.५४१५ ला आणि सेरिन असेल तर ११३८.५७७९ ला. आपल्याकडे ११२६.५४१५ ला बारीकसं शिखर आहे, दुसरीकडे काही नाही. म्हणून व्हॅलिन, मग सेरिन. बुटक्या शिखरावर विसंबायचं असेल तर त्याच पेप्टाइडचे आणखी स्कॅन शोधा. गोंगाट एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा येत नाही.

बाकी समान बेरजांचीही यादी भिंतीवर लावून ठेवा. दोन ग्लायसिन म्हणजे एक ॲस्पॅराजिन. सेरिन–ल्युसिन म्हणजे थ्रिओनिन–व्हॅलिन. ॲस्पार्टिक–ल्युसिन म्हणजे ग्लुटामिक–व्हॅलिन. या तिन्ही बाबतीत अणुसूत्र तंतोतंत सारखं असतं. ग्लायसिन–व्हॅलिन १५६.०८९९ आणि आर्जिनिन १५६.१०११ मात्र वेगळे करता येतात, हलक्या तुकड्यात.

## ८. पूर्ण बेरीज

क्रम असा निघाला: व्हॅलिन–सेरिन–फेनिलॲलानिन–ॲस्पार्टिक–प्रोलिन–ल्युसिन किंवा आयसोल्युसिन–ग्लुटामिन–ग्लुटामिक–टायरोसिन–लायसिन.

दहाही अवशेषांची बेरीज १२०६.५९२१, त्यात पाणी १८.०१०६, एकूण १२२४.६०२६ किंवा शेवटच्या दशांशात एकाचा फरक. वहीच्या कोपऱ्यातल्या चौकटीशी जुळलं. ही बेरीज जुळली म्हणजे क्रम बरोबर, असं मात्र कुणाला सांगू नका. अक्षरांची अदलाबदल केली तरी बेरीज बदलत नाही. तिचा उपयोग उलटा: ती जुळली नाही तर काहीतरी नक्की चुकलंय.

मग सगळे सैद्धांतिक बी आणि वाय आयन काढून स्पेक्ट्रमवर ठेवा आणि दोन प्रश्न विचारा. कोणत्या तुटीला एकही शिखर नाही? आणि कोणतं उंच शिखर अजून बेवारस आहे? दुसरा प्रश्न लोक विसरतात. पाणी किंवा अमोनिया गमावलेले, अंतर्गत, दोन चार्जवाले तुकडे वजा करूनही तीन-चार उंच शिखरं उरत असतील, तर निवडीच्या खिडकीत दुसरं पेप्टाइड शिरलं असण्याची शक्यता मोठी.

## ९. बेरीज जुळत नसेल तेव्हा: रासायनिक बदल

फरक किती उरला त्यावरून वाट ठरते. १५.९९४९ ऑक्सिडेशन. ४३.००५८ कार्बामिलेशन, नमुना युरियात तापला असेल तर. २१.९८१९ सोडियम. पहिलं अक्षर ग्लुटामिन असेल आणि १७.०२६५ कमी पडत असतील तर ते कडी होऊन पायरोग्लुटामिक झालं आहे. ७९.९६६३ फॉस्फेट, सेरिन किंवा थ्रिओनिनवर असेल तर ९७.९७६९ गमावलेली शिखरं सोबत दिसतात.

खरी डोकेदुखी आहे ती बदलाने अमिनो आम्लाचं सोंग घेतल्यावर. आयोडोॲसिटमाइड जास्त झालं की ते सिस्टिन सोडून पहिल्या टोकालाही चिकटतं आणि ५७.०२१५ ची भर घालतं. ती हुबेहूब ग्लायसिन. क्रमाच्या सुरुवातीला अनपेक्षित ग्लायसिन आला की आधी हा संशय घ्या. ॲसिटिल झालेलं लायसिन १७०.१०५५, आणि ग्लायसिन–ल्युसिन किंवा ॲलानिन–व्हॅलिनही १७०.१०५५. इथे १२६.०९१३ चं शिखर ॲसिटिल-लायसिनच्या बाजूने साक्ष देतं. ॲसिटिल (४२.०१०६) आणि तीन मिथिल (४२.०४७०) यांच्यात पुन्हा तोच ०.०३६४ चा फरक.

एक शिस्त पाळा: एका स्पेक्ट्रमला एकच अनपेक्षित बदल. दोन किंवा तीन बदल मान्य केले तर जवळजवळ कुठलाही क्रम कुठल्याही वस्तुमानात बसवता येतो.

## १०. सॉफ्टवेअर कधी आणि कसं

पीक्स, नोव्हर, कॅसानोव्हो यांसारखी साधनं हेच काम हजारो स्पेक्ट्रमवर करतात, आणि करावीच. फाइल एमजीएफ किंवा एमझेडएमएल स्वरूपात द्या, प्रिकर्सरचा चार्ज तीत भरलेला आहे ना ते बघा, आणि सिस्टिनवरचा स्थिर बदल सेटिंगमध्ये आहे याची खात्री करा. तो विसरला तर सिस्टिन असलेलं प्रत्येक पेप्टाइड चुकीचं निघतं आणि गुण तरीही बरे दिसतात.

निकालात एकूण गुण बघून पुढे जाऊ नका. प्रत्येक अक्षराचे वेगळे गुण बघा आणि सर्वांत कमकुवत अक्षरावरून क्रमाची किंमत करा. पहिली दोन अक्षरं आणि प्रोलिननंतरची जागा तिथे बहुधा पडलेली सापडेल.

## ११. बाहेरून पडताळणी आणि नोंद

ल्युसिन की आयसोल्युसिन हे हवंच असेल तर ईटीडीनंतर एचसीडी देणारी पद्धत वापरा. झेड आयनातून ल्युसिनची बाजूची साखळी ४३.०५४८ घेऊन जाते, आयसोल्युसिनची २९.०३९१. त्याच ईटीडीत प्रोलिनच्या आधीची तूट दिसत नाही, हे लक्षात असू द्या. एचसीडीत जी सर्वांत उंच होती ती इथे गायब.

प्रोटीन ओळखायचं असेल तर क्रम ब्लास्टमध्ये (सारखे क्रम शोधणारं साधन) टाकताना लहान पेप्टाइडचं सेटिंग आणि पॅम३० मॅट्रिक्स (जुळणीला गुण देण्याचा तक्ता) निवडा. नेहमीच्या सेटिंगवर दहा अक्षरांचं बरोबर पेप्टाइडही 'काही सापडलं नाही' म्हणून परत येतं. सापडलेल्या प्रोटीनमध्ये आपल्या पेप्टाइडच्या आधीचं अक्षर लायसिन किंवा आर्जिनिन आहे का ते बघा. ट्रिप्सिनने तोडायला तिथे जागा हवी.

पूर्ण प्रोटीनचा क्रम जुळवायचा असेल तर दुसऱ्या एन्झाइमने तोडलेला नमुना चालवा. ॲस्प-एनचं पेप्टाइड इथे ॲस्पार्टिकपासून सुरू होईल आणि लायसिनच्या पुढे जाईल. दोन तुकडे एकमेकांवर चढले की जोड पक्का. महत्त्वाच्या क्रमासाठी सिंथेटिक पेप्टाइड मागवा, आणि ते वेगळं चालवून झाल्यावर मूळ नमुन्यात मिसळूनही चालवा. एकच शिखर वाढलं पाहिजे, आणि तुकड्यांच्या उंचीचा तोल तोच राहिला पाहिजे.

नोंद लिहिताना जे ठरलं नाही ते तसंच लिहा. वाय९ मिळालं नसतं तर सुरुवात '[व्हॅलिन, सेरिन]' अशी चौकटी कंसात, म्हणजे क्रम अनिश्चित. सहाव्या जागी 'ल्युसिन/आयसोल्युसिन'. सातव्या जागी ग्लुटामिन, तळटीप: 'ग्लायसिन–ॲलानिनची मधली शिखरं दोन स्कॅनमध्ये शोधली, दिसली नाहीत'. स्कॅनचे क्रमांक आणि मोजमापाची मर्यादा त्याच ओळीत.